यादीतून आधी काय खोडलं जातं?

(बचतगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आज 'मंदी' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. समाजकार्याचं शिक्षण घेऊन वस्तीत काम करणारी मी एक कार्यकर्ती. त्यामुळे शेअर बाजार वर गेला की खाली आला, यावर मला फारसं बोलता येणार नाही. पण आपण सगळ्याजणी रोज ज्या बाजारात जातो, त्या बाजाराबद्दल मात्र मी बोलू शकते. मंदीची बातमी वर्तमानपत्रात येण्याच्या कितीतरी आधी ती आपल्या पिशवीत आलेली असते.

मंदी ओळखायच्या खुणा मोठमोठी माणसंसुद्धा बाजारातच शोधतात. अमेरिकेतल्या एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉडर यांनी २००१ च्या सुमारास म्हटलं होतं की दिवस वाईट आले की लिपस्टिकचा खप वाढतो. मोठी खरेदी परवडत नाही, मग बाई छोट्या खरेदीवर समाधान मानते. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांचं लक्ष म्हणे पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या खपावर असायचं. पैशाची चणचण आली की पुरुष नवे बनियन घेणं आधी पुढे ढकलतो, कारण ते कोणाला दिसत नाहीत! हसू येतं खरं, पण त्यात तथ्य आहे. जे दिसत नाही ते आधी कमी होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आपल्याकडची खूण सांगते. २०१९ साली मी भोसरीजवळच्या एका वस्तीत काम करत होते. वाहनउद्योगात मंदी आली होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. मोठ्या कारखान्यांत काही काही दिवस उत्पादन बंद ठेवत होते. तिथे शिंक आली की सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपना ताप चढतो. कंत्राटी कामगारांना ठेकेदार सांगायचा, "आठवडाभर येऊ नका, फोन करतो." त्याच महिन्यात पारले कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितलं की पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यालाही गिऱ्हाईक कमी झालंय. स्वस्त बिस्किटांवर जीएसटीमुळे १८ टक्के कर लागला होता, त्याकडेही त्यांनी बोट दाखवलं. (तो कर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला.) पाच रुपयांचा पुडा घ्यावा की नको, असा विचार माणसं करू लागतात तेव्हा वेगळ्या आकडेवारीची गरज उरत नाही.

आमच्या वस्तीतले किराणा दुकानदार काका मला म्हणाले होते, "ताई, कोणाचं काम सुटलंय हे मला कोणी सांगत नाही. यादी वाचली की कळतं." मी विचारलं, कसं? त्यांनी हिशेब मांडला. पगार सुरळीत असतो तेव्हा महिन्याची यादी येते. तेलाचा पाच लिटरचा डबा, तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे, गूळ. मग महिन्याची यादी आठवड्याची होते. डब्याच्या जागी लिटरची पिशवी येते. तूरडाळीत मसूर मिसळायला लागते. पुढे यादीच बंद होते आणि संध्याकाळी मूल येतं, हातात वीस रुपये आणि एक वाटी. शेवटी तेही थांबतं आणि उधारीची वही उघडते.

गंमत पाहा, थोडं थोडं घेतलं की डाळ-तेल बहुतेक वेळा महागच पडतं. ज्याच्याजवळ पैसे कमी त्यालाच दर जास्त. हे बाईला कळत नाही असं नाही. पण महिन्याचे पैसे एकदम हातात नसतील तर ती करणार काय?

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्या सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब-खर्च पाहणीत हा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरात सुमारे ४० टक्के निघाला. ही सरासरी आहे. ज्या घरात मिळकत जेमतेम, तिथे अन्न सोडून कापायला उरतंच किती? मग अन्नातच काटछाट होते. आणि इथेच माझा खरा प्रश्न सुरू होतो. अन्न कोणाचं?

त्या वेळी बचतगटाच्या बैठकीत बायका म्हणायच्या, "आम्ही काटकसर करतोय." काटकसर हा शब्द किती शहाणा वाटतो! मी एकदा फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्यात लिहायचं, गेल्या तीन महिन्यांत घरातून काय कमी केलं. दुसऱ्यात लिहायचं, ते कोणासाठी आणलं जात होतं. पहिला रकाना भराभर भरला. दूध, अंडी, फळं, रिक्षाचं भाडं, सॅनिटरी पॅड, चष्मा बदलणं, डॉक्टरांची फी, मुलीची शिकवणी. दुसरा रकाना भरताना खोली हळूहळू शांत झाली. दूध? माझ्या चहातलं. अंडी? मुलाला देते, आम्ही दोघी मायलेकी नाही खात. पॅड? परत कापड वापरते. रिक्षा? मी चालत जाते. फळ्यावर 'माझं' आणि 'मुलीचं' हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा येत होते. नवऱ्याचा मोबाइलचा रिचार्ज, तंबाखू, मुलाचा क्लास, सासरच्या लग्नातला आहेर, हे फळ्यावर आलंच नाही. मी कोणाला दोष देत नाही. ते कमी करायचं तर घरात बोलावं लागतं, वाद होतो. स्वतःचं कमी करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि ते कोणाला दिसतही नाही. बनियनची गोष्ट आठवली ना?

त्याच बैठकीत एक बाई होती, पंचेचाळिशीची. तिने फळ्यावर काही सांगितलं नाही. महिन्याभराने तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा कळलं की ती रक्तदाबाची गोळी एकाआड एक दिवस घेत होती. महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्या मिळू शकल्या असत्या, पण तिथे रांगेत उभं राहायचं तर धुण्याभांड्यांच्या कामाचा खाडा. गोळ्यांवर तीन महिन्यांत जे वाचवलं ते एका दिवसात गेलं, वर गटाचं कर्ज झालं. ती वाचली. पण आजही तिला उजव्या हाताने पोळी लाटता येत नाही. मला ही गोष्ट टोचते, कारण फळ्यासमोर मी उभी होते आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळला नव्हता.

आणि तिचा नवरा? त्याचं काम सुटून दीड महिना झाला होता. रोज डबा घेऊन निघायचा, दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परत यायचा. 'मिळवता पुरुष' हे ओझं त्यालाही जड झालं होतं. दोघंही एकमेकांपासून आपली चणचण लपवत होते. फरक इतकाच, की लपवण्याची किंमत तिच्या शरीराने मोजली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता, पुरुषांमध्ये २५ टक्के. याची कारणं अनेक आहेत. पण शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, हे त्यातलं एक नक्की आहे.

दुसरी गोष्ट श्रमाची. बाजारातून जे आणणं बंद होतं ते आपण हातांनी भरून काढतो. तयार पीठ बंद, दळण सुरू. रिक्षा बंद, पायपीट सुरू. रात्री नऊनंतर उरलेली भाजी स्वस्त मिळते म्हणून तेव्हा मंडईत जाणं. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सुमारे २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. मंदीत ही मिनिटं आणखी ताणली जातात, आणि राष्ट्रीय उत्पन्नात ती धरलीच जात नाहीत.

आता थोडं आपल्यातल्या बऱ्या परिस्थितीतल्या मैत्रिणींसाठी. आपणही मंदीच्या भीतीने हात आखडता घेतो. पहिला विचार येतो, पोळ्यांची बाई कमी करू या. आपला खर्च ही दुसऱ्या कोणाची तरी मिळकत असते. २०२० च्या टाळेबंदीत घरकामगार बायकांची कामं गेली ती अशीच, एकेका घरातून. तेव्हा काटकसर करताना आपण कोणाची यादी लहान करतोय, हेही विचारलं पाहिजे.

मग करायचं काय? १९७२ मध्ये दुष्काळ आणि महागाई होती तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षोपक्षांतल्या बायकांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तेल-साखर न मिळणं ही 'माझ्या घरातली अडचण' राहिली नाही, तो सार्वजनिक प्रश्न झाला. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण ती हमी गावासाठी होती. काम सुटलेल्या शहरातल्या बाईला ती आजही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण नुसत्या गव्हा-तांदळाने रक्त भरत नाही. रेशनवर डाळ आणि तेल नियमित मिळालं पाहिजे, ही मागणी आपण पुन्हा लावून धरली पाहिजे.

आणि घरात? महिन्याचा हिशेब नवऱ्यासमोर, मुलांसमोर उघडा मांडा. किती आले, किती कमी पडतात, हे सगळ्यांना कळू द्या. कमी करायचंच असेल तर सगळ्यांचं थोडं थोडं करा. यादी लिहिताना औषध, मग ते तुमचं असलं तरी, सगळ्यात वर लिहा. सवय नसते, हात अडखळतो, मला ठाऊक आहे. माझाही अडखळतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली किराणाची यादी घेऊन यावी. गेल्या महिन्याची आणि या महिन्याचीही. खोडलेल्या ओळी तशाच राहू द्या. त्याच आपल्याला वाचायच्या आहेत.