डोळ्यातील लेन्स : सोय आणि सावधगिरी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका नेत्रतज्ज्ञांनी केलेले भाषण)



डोळ्यांच्या आरोग्यावर दोन शब्द बोलावेत, अशी संस्थेची इच्छा आहे. विषय फार मोठा. त्यातला एकच भाग मी आज घेणार आहे, तो म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांवरचा चष्मा जाऊन डोळ्यांत लेन्स आल्या आहेत. लग्नसराईत तर नंबर नसलेल्यांच्या डोळ्यांतही रंगीत लेन्स दिसतात. त्या कशा वापराव्यात हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते.

ही वस्तू काही कालपरवाची नव्हे. झुरिकमधील डॉ. फिक यांनी 1888 साली काचेच्या लेन्सची माहिती प्रसिद्ध केली होती. आजच्या मऊ लेन्सचे श्रेय प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांच्याकडे जाते. 1961 साली त्यांनी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून घरीच यंत्र उभे केले आणि त्यावर या लेन्स बनविल्या. तेव्हापासून त्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या. नियमाने वापरली तर लेन्स ही उत्तम सोय आहे, हे मी प्रथमच सांगून टाकतो. दोष लेन्सचा नसतो, हयगयीचा असतो.

आता धोका कोठे आहे ते पाहा. लेन्स ज्यावर बसते तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तर तो आरशासारखा स्वच्छ असतो. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. झोपेत पापणी मिटली की हा पुरवठा कमी होतो. त्यात आत लेन्स असेल तर तो आणखी घटतो. पडदा दुबळा होतो, त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना वाट मिळते. लेन्स लावून झोपणाऱ्यांना संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. काही जंतू तर दोन दिवसांत कॉर्निया पोखरून टाकतात. जखम भरली तरी तेथे पांढरा डाग उरतो. आपल्या आजीबाई ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात, तेच हे.

हे मी केवळ पुस्तकातले सांगत नाही. वैद्यकीय शिक्षण घेत असताना मी स्वतः लेन्स वापरीत असे. परीक्षेचे दिवस होते. अभ्यास करता करता तशीच झोप लागे. सकाळी सोल्युशन संपलेले दिसले की वसतिगृहाच्या नळाखाली लेन्स धुवून पुन्हा लावत असे. एके दिवशी डावा डोळा लाल झाला. डॉक्टर होऊ घातलेला मी! पण घरी कळले तर अब्बा रागावतील, म्हणून दोन दिवस काळा चष्मा लावून हिंडलो. तिसऱ्या दिवशी उजेडाकडे बघवेना, तेव्हा खोलीतल्या मित्राने ओढत रुग्णालयात नेले. दिवसरात्र तासातासाला औषधाचे थेंब घालावे लागले. अल्लाहच्या मेहेरबानीने दृष्टी वाचली. डाग मात्र आजही आहे. रात्री समोरून गाडी आली की त्या डोळ्याला प्रकाश फाकलेला दिसतो. ते दोन दिवस मी लपविले नसते तर कदाचित तो डागही राहिला नसता.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पहिला नियम पक्का ध्यानात ठेवा : लेन्सला पाणी लावू नये. नळाचे नको, विहिरीचे नको, उकळून गार केलेलेही नको. पाण्यात अकांथामिबा नावाचा अतिसूक्ष्म जीव असू शकतो. तो स्वतःभोवती कवच करून राहतो. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनलाही तो सहसा दाद देत नाही. डोळ्यात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून पोहताना आणि आंघोळीच्या वेळी लेन्स काढून ठेवाव्यात. थुंकी लावून लेन्स ओली करण्याची सवय तर अत्यंत घातक आहे.

येथे वजूचा प्रश्न ओघानेच येतो. वजूत चेहरा धुवायचा असतो, डोळ्याच्या आत पाणी घालणे आवश्यक नसते. तेव्हा डोळे नीट मिटून चेहरा धुवावा आणि पापण्या कोरड्या करून मगच डोळे उघडावेत. सकाळी वजू आधी करून, हात पूर्ण कोरडे झाल्यावर लेन्स लावणे उत्तम.

रोजची रीत सोपी आहे. साबणाने हात धुवावेत आणि धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसावेत. लेन्स काढल्यावर तळहातावर ठेवून, सोल्युशनचे थेंब टाकून बोटाने हलकेच चोळावी, पुन्हा सोल्युशनने धुवावी आणि डबीत ताज्या सोल्युशनमध्ये बुडवून ठेवावी. जुन्यातच नवे ओतून काटकसर करू नये. सकाळी डबी रिकामी करून, सोल्युशनने विसळून, पुसून पालथी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. महिन्याची लेन्स महिन्यानंतर फेकावी, एका दिवसाची त्याच रात्री. सुरमा वा काजळ पापणीच्या आत घालू नये. बाकीचा शृंगार लेन्स लावल्यानंतर करावा आणि लेन्स काढल्यानंतर पुसावा. लेन्स वापरणाऱ्याने चष्माही जवळ ठेवलाच पाहिजे.

मुलींनो, रंगीत लेन्स म्हणजे बांगड्या नव्हेत की बहिणीच्या काढून आपण घालाव्यात. प्रत्येकीच्या डोळ्याचा घेर वेगळा असतो. एकीच्या डोळ्यातील जंतू लेन्सबरोबर दुसरीच्या डोळ्यात जातात. नंबर नसला तरी डोळा तपासूनच लेन्स घ्यावी.

डोळा लाल झाला, दुखला, पाणी येऊ लागले, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स तत्काळ काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. जाताना लेन्स आणि डबी बरोबर न्या, तपासणीत जंतू ओळखण्यास मदत होते. गुलाबपाणी, मध, सुरमा असले उपाय करू नका. दुकानातून आणलेल्या थेंबांत कधी स्टेरॉइड असते. संसर्ग असताना ते परस्पर घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

शेवटी पालकहो, थोडे आपल्याशी. मुलीला चष्मा लागला की स्थळ कसे येणार, ही चिंता तिच्यादेखत बोलली जाते. मग ती चोरून लेन्स आणते, त्या कोठे ठेवाव्यात हे विचारीत नाही आणि डोळा लाल झाला तरी सांगत नाही. चष्म्यात लाजण्यासारखे काही नाही. मुलाने “अम्मी, डोळा दुखतोय” म्हटले तर आधी डॉक्टरकडे न्या, रागवायचे ते नंतर रागवा. मी दोन दिवस गप्प राहिलो ते वेदनेला नव्हे, बोलण्याला भिऊन. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.