मरणारी राजकन्या नव्हे, सुंदरी



या परिषदेला कलाशिक्षक आहेत, जतनाचे काम करणारे आहेत, लेण्यांत पर्यटकांना माहिती सांगणारे मार्गदर्शकही आहेत. म्हणून सर्वसाधारण विवेचनात न शिरता मी एकाच चित्राबद्दल बोलणार आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, डाव्या भिंतीवर असलेले हे चित्र जगभर ‘मरणारी राजकन्या’ म्हणून ओळखले जाते.

चित्र आपल्या डोळ्यांसमोर असेलच. मंचकावर एक स्त्री उशीवर हात टेकून बसली आहे. तिची मान ढळली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, बोटांतली शक्ती गेली आहे. मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे, दुसरी पंख्याने वारा घालते आहे, आणखी एक स्त्री व्याकूळ होऊन तिच्याकडे बघते आहे. दारातून एक वृद्ध डोकावतो आहे. सगळ्यांची नजर तिच्याकडे. ती मात्र कोणाकडेच पाहत नाही.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच एक. त्या प्रतींतल्या कितीतरी १८८५ साली लंडनमधल्या एका आगीत जळाल्या, तरी १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन खंड निघालेच. या मंडळींचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत. भिंतीवरून पुढे जे गळून पडले, त्यातले बरेचसे आपण त्यांच्यामुळेच पाहू शकतो. या चित्रातल्याहून अधिक भावदर्शन इटलीच्या थोर चित्रकारांनाही साधले नसते, असे ग्रिफिथ्स यांनी म्हटले. त्यांची ती दाद मनापासून होती आणि योग्यही होती. पण ही स्त्री मरते आहे, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता.

ती मरत नाही. तिच्या आजूबाजूची भिंत वाचली की कथा उलगडते. त्याच प्रसंगमालिकेत एक माणूस हातात मुकुट घेऊन आला आहे. तो मुकुट नंदाचा, म्हणजे बुद्धाच्या सावत्र भावाचा. नंदाने प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षा, घेतली, ही वार्ता तो मुकुट घेऊन येतो आणि नंदाची पत्नी सुंदरी कोसळते. कवी अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ या काव्यात ही कथा सांगितली आहे. नंद पत्नीचा शृंगार करत असतो. बुद्ध भिक्षेसाठी दाराशी येऊन रिकाम्या हाताने परत जातात. नंद क्षमा मागायला त्यांच्यामागे निघतो, आणि गालावरचे चित्रण वाळायच्या आत परत ये, असे सुंदरी त्याला बजावते. बुद्ध आपले भिक्षापात्र त्याच्या हातात देतात. नंद परत येत नाही. रडत असतानाच त्याचे मुंडन होते.

आता पुन्हा चित्राकडे पाहा. मरणाचे चित्र समजून आपण त्यात आजार पाहत होतो आणि दासींच्या चेहऱ्यांवर शुश्रूषेची काळजी. कथा कळल्यावर दिसते ते वेगळेच: धडधाकट शरीर एका बातमीने लुळे पडले आहे. आणि हे चित्र रंगवले आहे कुठे? विहारात. वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात हे लेणे भिक्षूंना दान केले. येथे राहणारा प्रत्येक जण स्वतः घर सोडून आलेला. त्याच्या मागे कोणाची तरी मान अशीच ढळली असणार. चित्रकाराने सुंदरीला मोहाची पुतळी केले नाही, तिची टिंगल केली नाही; नंदाच्या त्यागाची जी किंमत तिने मोजली, ती त्याने भिक्षूंना रोज दिसेल अशा जागी ठेवली. या चित्रातली धार्मिकता मला इथे दिसते. ‘मरणारी राजकन्या’ म्हटले की नेमकी तीच हरवते, उरते फक्त एक सुंदर करुण दृश्य.

शैलीसुद्धा विषय कळल्यावरच नीट बोलू लागते. अजिंठ्याचे चित्रकार कथा काळाच्या क्रमाने मांडतीलच असे नाही. बरेचदा ते स्थळाच्या क्रमाने मांडतात. राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे, आणि एकच व्यक्ती भिंतीवर अनेकदा. ही पद्धत ध्यानात न घेता एक चौकट कापून फोटो काढला, की मुकुट चौकटीबाहेर जातो आणि अर्थही. रेषेचेही तसेच. माती, दगडाची भरड, तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि कोरड्या पृष्ठावर आधी गेरूची रेषा, मग रंग, शेवटी पुन्हा गडद रेषा. सुंदरीच्या पापणीवर ही शेवटची रेषा काय करते, ते प्रत्यक्ष भिंतीसमोर उभे राहूनच पाहावे. मान, खांदा, हात अशी ती खाली उतरत जाते. या शरीरात ताठ असे काहीही शिल्लक ठेवलेले नाही.

चुकीच्या ओळखीने इतिहासही बिघडतो. पहिल्या लेण्यातल्या दरबाराच्या दृश्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी आहेत. १८७९ मध्ये वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी ते दृश्य चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आलेल्या इराणी वकिलातीचे ठरवले. त्या एका तर्कावर लेण्याचा काळ सातव्या शतकात, म्हणजे पुलकेशीच्या काळात, नेण्यात आला. पुढे जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी बौद्ध ग्रंथांशी ताडून ते दृश्य महासुदर्शन राजाच्या कथेतले असल्याचे दाखवले. तो राजा म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध. आज बहुतेक अभ्यासक हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात. तरी इराणी वकिलातीची गोष्ट अजून सांगितली जातेच.

चित्रकारांसमोर ग्रंथपरंपरा होती, याचा पुरावा त्यांनीच भिंतीवर ठेवला आहे. दुसऱ्या लेण्यात चित्रांसोबत आर्यशूराच्या ‘जातकमाले’तले श्लोक लिहिलेले आहेत. मग आपल्या कलाशाळांतला विद्यार्थी ‘जातकमाला’ आणि ‘सौंदरनंद’ न वाचता अजिंठ्याच्या प्रती का करतो? पाली-संस्कृतचे अध्यापक आणि चित्रकलेचे अध्यापक एकाच गावात राहून एकमेकांच्या वर्गात का जात नाहीत? मला याची खंत आहे, आणि हे बदलणे आपल्याच हातात आहे.

माझी या सभेला विनंती आहे. अजिंठ्याच्या प्रत्येक चित्रित भिंतीचा संपूर्ण रेखाटनपट, प्रसंगांना क्रमांक देऊन आणि कथा सोप्या मराठीत सांगून, तयार करण्याचे काम आपण हाती घ्यावे. मार्गदर्शकांना तो विनामूल्य मिळावा. सुरुवात सोळाव्या लेण्यापासून करू, आणि आपल्या अभ्यासक्रमातून व व्याख्यानांतून ‘मरणारी राजकन्या’ हे शीर्षक आजपासून काढून टाकून तिथे ‘नंदाच्या प्रव्रज्येची वार्ता ऐकणारी सुंदरी’ असे लिहू.