शिक्षकाच्या यशाची नोंद : स्वागताध्यक्षीय भाषण

शिक्षकाचे यश वर्गात घडते आणि बहुतेक वेळा वर्गाबाहेर कुणाला कळतही नाही. दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नसते. शिक्षिका दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधते, बावन्नातून अठ्ठावीस काढताना एक गठ्ठा मुलांच्याच हाताने सोडायला लावते, आणि काही आठवड्यांत तीच मुले फळ्यावर बिनचूक वजाबाकी करू लागतात. या यशाला प्रगतिपुस्तकात रकाना नाही. अशा कामाची दखल कशी घ्यावी, हा जालन्यात भरलेल्या या संमेलनाचा विषय आहे. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतून आलेल्या शिक्षक-शिक्षिकांचे व मान्यवर पाहुण्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

शिक्षणकार्याच्या जाहीर सत्काराची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला, तो मुलींच्या शाळांबद्दल. ज्या कामापायी सावित्रीबाईंनी भररस्त्यात शेणमातीचा मारा सोसला, त्याच कामाला राजमान्यता मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९५८ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार सुरू झाले, आणि १९६२ पासून ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस शिक्षक दिन म्हणून साजरा होऊ लागला. राज्याचा शिक्षक पुरस्कार आज सावित्रीबाईंच्या नावाने दिला जातो. जिल्हा परिषदांचे पुरस्कार वेगळे.

या पुरस्कारांचे मोल मोठे आहे, तशा त्यांच्या मर्यादाही आहेत. राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. कुणाच्या शिफारशीकडे डोळे लावून बसणे संपले, हे उत्तमच झाले. परंतु प्रस्ताव लिहिणे, छायाचित्रे, कात्रणे आणि प्रमाणपत्रे जोडणे हे शिकवण्याहून निराळे कौशल्य आहे. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या, पोषण आहाराचा हिशेब ठेवणाऱ्या शिक्षकाची फाइल जाड होत नाही. त्याचे काम मात्र भरीव असते, आणि निवडीची कोणतीही पद्धत त्याच्यापर्यंत पोहोचली नाही तर ती अपुरीच म्हणावी लागते.

जालना जिल्ह्यात याचे सर्वांत ठळक उदाहरण ऊसतोड कामगारांच्या मुलांचे आहे. दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, घरात मागे थांबायला कुणी नसते, म्हणून मुलेही आईबापांसोबत फडावर जातात आणि वर्ग ओस पडू लागतो. हंगामी वसतिगृहाची योजना यावर उपाय आहे. मुलाने गावातच आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे राहायचे, आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीने करायची. पण योजना कागदावर असली तरी आईला तयार करावे लागते. गाडी भरण्याआधी शिक्षक घरी जातो, आजीशी बोलतो, मुलीच्या आजारपणात कोण पाहील याची हमी देतो. तेवढ्याने कधी काम होते, कधी गाडी मुलीला घेऊनच जाते. ज्या मुलीच्या नावापुढे हंगामभर हजेरी लागली, तिच्यामागची ही खटपट हजेरीपटावर दिसत नाही. जिल्ह्याने सन्मान करावा असे यापेक्षा मोठे यश क्वचितच सापडेल.

दखल घेण्याची साधने शाळेत आधीपासून आहेत. भेटीला आलेले अधिकारी शेरेबुकात लिहितात. ‘शाळा समाधानकारक’ या शेऱ्याने कुणाच्या हाती काही लागत नाही. ‘काड्यांच्या गठ्ठ्यांमुळे दुसरीची मुले हातच्याची वजाबाकी समजून करतात’ असा शेरा शिक्षिकेला बळ देतो आणि पुढच्या शिक्षकाला वाटही दाखवतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखवण्यात वेळ जातो, तो अशा कामांच्या मांडणीला मिळायला हवा. गावाचे कौतुक तर वेगळेच असते. ग्रामसभेत शिक्षिकेचे नाव आदराने घेतले गेले की पालकांचे शाळेत येणे वाढते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम एका शाळेपुरते राहिले नाही, पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड आले. दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला. यशात सहकाऱ्यांना सामील करून घेण्याची ही रीत प्रत्येक केंद्रात रुजावी, अशी स्वागत समितीची मनापासून इच्छा आहे.

संमेलनाच्या पुढील सत्रांत प्रत्येक तालुक्यातील शिक्षक आपापले एकेक काम मांडतील. अडचण काय होती, काय करून पाहिले, काय साधले आणि काय अजून साधायचे आहे, एवढेच त्यात असेल. ही टिपणे एकत्र करून जिल्ह्यातील केंद्रप्रमुखांकडे दिली जातील, म्हणजे पुढच्या शिक्षण परिषदांत ती वाचता येतील.