सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

(मुरबाड तालुक्यातील महिला शिबिरात केलेले भाषण)



सकाळी एकीनं विचारलं, "ताई, आमच्या डोक्यावर काळू धरण, आणि तुम्ही पॅलेस्टिनचं काय सांगता?" सांगते.

तिथली गोष्टही जमिनीच्या नोंदीपासूनच सुरू होते. १८५८ साली तुर्की राजवटीनं जमीन नावावर लावण्याचा कायदा केला. कर बसेल, पोरं लष्करात ओढतील, या धास्तीनं कितीतरी कसणाऱ्यांनी नावं लावलीच नाहीत. जमिनी शहरातल्या धनिकांच्या नावावर चढल्या. १९२० नंतर बैरुतच्या एका व्यापारी घराण्यानं एक अख्खं खोरं विकलं आणि कुळं उठली. आपल्या आज्यांना हे नवं नाही. अंगठा कशावर घेतला, ते सावकारालाच ठाऊक!

पण पुढचं ऐका. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त माणसं परागंदा झाली. त्यांत कागद असलेलेही होते. १९५० मध्ये इस्रायलनं कायदा केला: जो गैरहजर, त्याची मालमत्ता सरकारकडे. म्हणजे कागद नव्हता म्हणून जमीन गेली, आणि कागद असूनही गेली.

म्हणून दोन्ही लागतं, नावही आणि ठाण मांडून बसणंही. काळूचं काम वनखात्याच्या परवानगीशिवाय सुरू झालं होतं. श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये हायकोर्टानं ते थांबवलं. गावं हलली नाहीत, म्हणून कोर्टात सांगायला काही उरलं.

नावाचं मात्र आपलं कच्चं आहे. राबाचा पाला आणायचा बाईनं, आवणी बाईनं, नाचणी-वरईची बेणणीही बाईनं. आणि सातबारा? नवरा वारला की वारसनोंदीत पोरांची नावं चढतात, आईचं राहून जातं. विचारलं तर म्हणतात, "आई कुठं जातेय!" अहो, धरण आलं तर मोबदल्याची नोटीस नावावर येते, आईपणावर नाही.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, त्यामुळे २००५ ची दुरुस्तीही नाही. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये म्हटलं, बाईला वारसा नाकारणं हा भेदभाव आहे. तेवढ्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. वनहक्क कायद्यात मात्र २००६ पासून स्पष्ट लिहिलंय, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या.

आता चहा घेऊ. ज्यांनी उतारे नि पट्टे आणलेत त्यांनी पुढं बसा, एकेक वाचून बघू. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आधी.