बिनतारी पहारेकरी

‘बिनतारी’ हा शब्द आकाशवाणीच्या श्रोत्यांना नवा नाही. ज्या लहरींनी एके काळी बाहेरचे जग घरात आणले, त्याच जातीच्या लहरी आता घरातले चित्र बाहेर नेऊ लागल्या आहेत. दाराच्या चौकटीवर किंवा दिवाणखान्यातील कपाटावर बसविलेला मुठीएवढा कॅमेरा हे काम करतो, आणि त्याचा मालक वडोदऱ्यात असो की वॉशिंग्टनमध्ये, आपल्या खिशातील फोनवर आपलेच दार पाहू शकतो.

या यंत्राचे मूळ शोधू गेल्यास ते न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील जमैका नावाच्या वस्तीत सापडते. तेथे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाच्या परिचारिका राहत असत. त्यांचे पती आल्बर्ट हे इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांच्याही कामाच्या वेळा अवेळीच्या. त्यामुळे बाईंना पुष्कळदा घरी एकटे राहावे लागे. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलावलेले पोलीस येण्यास विलंब लागे. अशा वेळी दारावर थाप पडली म्हणजे उठून दारापर्यंत जाणे हेच मोठे दिव्य होते. या दांपत्याने १९६६ साली एका यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजी ते त्यांना मिळाले. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आणि त्याचे चित्र निजावयाच्या खोलीतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. उंच मनुष्य असो की लहान मूल, कोणत्या ना कोणत्या छिद्रातून त्याचा चेहरा दिसावयाचाच. बाहेरच्याशी बोलण्याची सोय होती. ओळखीचा निघाला तर एक कळ दाबून दाराचा अडसर काढता येई, आणि भय वाटले तर इशारा देता येई. भयातून निघालेले शोध पुष्कळदा असे नेमके असतात.

आजच्या कॅमेऱ्याचे चित्र प्रथम घरातील राऊटरकडे जाते, तेथून इंटरनेटद्वारे बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे, आणि तेथून मालकाच्या फोनकडे. ‘बिनतारी’ या नावाने मात्र फसू नये. चित्राला तार लागत नसली तरी विजेला बहुतेक वेळा लागतेच. आणि कॅमेऱ्यात स्वतःची बॅटरी असली तरी वीज गेली की राऊटर मिटतो, व पहारेकरी जागा असूनही मुका होतो. म्हणून राऊटरला बॅटरीचा आधार देणे हे दुसरा कॅमेरा घेण्यापेक्षा शहाणपणाचे. लहरींचेही तसेच. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षा अधिक दूर जातात. तथापि जुन्या वाड्याच्या जाड भिंतींपुढे त्याही थकतात. कॅमेऱ्याची जागा मुक्रर करण्यापूर्वी फोन हातात धरून तेथे लहरी पोहोचतात की नाही हे पाहून घ्यावे.

जागेची निवड हा खरा कौशल्याचा भाग. फार उंचावरून केवळ टाळू दिसते. सकाळच्या उन्हाकडे तोंड केले तर येणाऱ्याचा चेहरा काळाठिक्कर येतो. खिडकीच्या काचेआडून बाहेर पाहणारा कॅमेरा रात्री आंधळा होतो, कारण त्याचा अवरक्त प्रकाश काचेवरून परतून त्याच्याच डोळ्यांत जातो. कोळ्याने भिंगासमोर जाळे विणले की त्या प्रकाशात ते जाळेच लखलखते, आणि मध्यरात्री मालकाला इशाऱ्यांवर इशारे येऊ लागतात. चित्रण केवळ कॅमेऱ्यातील कार्डावर साठत असेल तर चोर कॅमेऱ्याबरोबर पुरावाही घेऊन जातो, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

याहून गंभीर गोष्ट परवलीच्या शब्दाची. कारखान्यातून आलेला शब्द न बदलता कॅमेरे वापरणाऱ्या असंख्य गृहस्थांना २०१६ साली एक गोष्ट कळलीदेखील नाही. ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असे कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याकरवी ‘डिन’ या अमेरिकन कंपनीवर हल्ला चढवून अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. ज्यांना पहाऱ्यावर बसविले, तेच दरोड्यात सामील झाले. आणि घरात मात्र सर्व यथास्थित दिसत होते. कुलूप विकत आणून किल्ली दारालाच लटकत ठेवण्याचा हा प्रकार होय.

ब्राऊनबाईंचा कॅमेरा दाराबाहेर पाहत होता. आजचा पुष्कळदा आत पाहतो, आणि येथे प्रश्न अवघड होऊ लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. परंतु त्यामुळे घरातील कॅमेऱ्याला मोकळे रान मिळाले, असे समजणे चूक ठरेल. कलकत्त्यातील एका सामाईक घरात एका भावाने राहत्या भागात कॅमेरे लावले व दुसऱ्याने त्यास हरकत घेतली, तेव्हा उच्च न्यायालयाने २०२५ साली सहनिवाशाच्या संमतीवाचून ते चालू ठेवता येणार नाहीत असे ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

भावाला न्यायालय गाठता आले. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईंना कॅमेरा कोठे आहे, एवढे तरी सांगितलेले असते काय? समोरच्या बिऱ्हाडाचे दार रोज आपल्या चित्रात उमटते, हे त्या शेजाऱ्यास ठाऊक असते काय? कॅमेऱ्याचे तोंड चार बोटे वळविले, तर पुष्कळ वेळा हे दुसरे प्रकरण तेथेच मिटते. पहिल्याला मात्र तोंडाने बोलावे लागते, आणि तेच बहुतेकांना जड जाते.

पुण्यात आज अशी घरे पुष्कळ आहेत, जेथे मुले परदेशी आणि आई-वडील दोघेच. दिवाणखान्यातील कॅमेरा मुलानेच सुट्टीत येऊन बसविलेला असतो, आणि त्यामागे मायाच असते. वडील पडले तर तिकडे समजावे, एवढीच इच्छा. दुपारी चार पावलांवर शेजारीण येऊन बसते. आई तिच्याशी दोन शब्द बोलण्यापूर्वी उठते आणि कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकते. संध्याकाळी फोन येतो, “आई, दुपारी चित्र का येत नव्हते गं?” “धूळ पुसत होते,” ती सांगते, आणि नॅपकिन घडी करून पुन्हा तेथेच, कपाटाच्या कडेला, हाताशी ठेवते.