औषध एकाचं, काळजी साऱ्या घराची



आजचा विषय ऐकून काहीजणी तोंडाला पदर लावतील. तरी ऐका, कारण तो आपल्या लेकी-सुनांशी आणि नातवंडांशी जोडलेला आहे.

आमच्या ह्यांचा जन्म दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत गेला. पण मागच्या वर्षी अगदी गळून गेले. शिंपणं उरकलं की पडून राहायचे, उगाच चिडायचे. आम्ही म्हणत राहिलो, वय झालं. डॉक्टरांनी मात्र साखर, थायरॉईड, झोप असं सगळं पाहिलं आणि मग टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, तपासायला सांगितलं. ते सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त सकाळीच, उपाशीपोटी द्यायचं. एका आकड्यावर औषध देत नाहीत, म्हणून दोनदा पहाटेची एसटी धरली. दोन्ही वेळा कमी निघालं, तेव्हा जेल लिहून दिलं. जेल म्हणजे तुरुंग नव्हे हो, मलमासारखं पातळ औषध!

रोज सकाळी अंघोळ झाली की कोरड्या खांद्यांवर आणि दंडांवर लावायचं. त्यातलं थोडंच कातडीतून आत जातं. बरंचसं वरच राहतं, आणि ज्याचं अंग तिथे लागेल त्याच्या अंगात जाऊ शकतं.

हे मी माहितीपत्रकात वाचलं त्याच संध्याकाळी आमची तीन वर्षांची नात धावत आली आणि आजोबांच्या उघड्या खांद्यावर डोकं टेकायला गेली. मी तिला ओढून घेतलं. ती रडली. ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी काय विटाळाचा झालो?"

मग आम्ही दोघांनी बसून ते पत्रक पुन्हा वाचलं. घरच्या माणसाचं जेल अंगाला लागून लहान मुलांमध्ये वयाआधीच वयात आल्याची लक्षणं दिसली होती, म्हणून 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जेलवर ठळक इशारा छापायला लावला. बायकांना लागलं तर चेहऱ्यावर केस, मुरमं, पाळीत बदल होऊ शकतो. पोटुशी बाईने तर त्याला हातच लावू नये. पोटात मुलगी असेल तर तिच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

आता आमच्या घरी नेम ठरलाय. जेल लावलं की हात साबणाने धुवायचे. वाळलं की सदरा घालायचा, उकडलं तरी. ते वाळेपर्यंत पाण्याच्या बंबाजवळ जायचं नाही, कारण त्यात स्पिरिट असतं, पेट घेतं. समुद्रात डुंबायचं ते पत्रकात दिलेले तास गेल्यावरच. पंचा वेगळा. नात येण्याआधी हे खांदे साबणाने धुतात आणि मग स्वतःच तिला हाक मारतात. चुकून कोणाला लागलंच, तर तिथली कातडी लगेच साबणाने धुवायची.

आणखी एक, तरुण सुनांसाठी. मूल हवं असेल तर नवऱ्याने हे औषध घेण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर आपलं काम आवरतं घेतं आणि शुक्रजंतू घटतात. मूल राहत नाही म्हणून बोल मात्र सुनेला लागतो.

शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची ट्यूब मागून आणू नका. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्याला हे सहसा देत नाहीत. सुरू केल्यावरही रक्त फार दाट होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, हे वेळोवेळी तपासावं लागतं.

आमचे हे आता पुन्हा वाडीत रमतात. औषध त्यांचं, पण पत्रक मी वाचलं. तुमच्याही घरात अशी ट्यूब असेल, तर आज कपडे घडी करण्याआधी ते पत्रक वाचा.