नळी खासगी, रोग सार्वजनिक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात १८५४ साली पटकीची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या साथीचा संबंध रस्त्यावरील पाण्याच्या पंपाशी जोडला, हे अनेकांना ठाऊक असते. त्यापुढील हकीकत क्वचित सांगितली जाते. १८५५ मध्ये जमीन उकरून पाहिली, तेव्हा शेजारच्या एका राहत्या घराच्या मैलाखड्ड्याच्या व मोरीच्या विटा निखळलेल्या आढळल्या. पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्या आत होती. खड्डा खासगी होता. मृत्यू मात्र साऱ्या वस्तीच्या वाट्याला आले.

घरातील संडास-मोरीपासून रस्त्यातील गटारापर्यंत जाणारी नळी घरमालकाची आणि गटार तेवढे नगराचे, अशी विभागणी आपल्याकडेही रूढ आहे. ही खासगी नळी फुटल्यास तिच्या दुरुस्तीला महापालिकेने अनुदान द्यावे काय, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक जबाबदारीची सीमा कोठे आखावयाची याचा प्रश्न आहे.

जालना शहराचेच उदाहरण घ्यावे. कुंडलिकेच्या दोन काठांवर जुना आणि नवा जालना वसला आहे. बियाण्यांच्या आणि पोलादाच्या धंद्याने शहर वाढले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २,८५,५७७ भरली आणि २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दर्जा बदलला, माती बदलली नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि या ओढाताणीत जुन्या नळ्यांचे सांधे उकलतात. त्यातच पाण्याचे दुर्भिक्ष. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहणारे हे शहर जायकवाडीहून पाणी आणते. पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा सुटते, तेव्हा मधल्या काळात जलवाहिनीत दाब राहत नाही आणि शेजारच्या फुटक्या नळीतील मैलापाणी तिच्या गळक्या सांध्यांतून आत शिरते. दूषित पाण्यातून कावीळ कशी पसरते, हे इचलकरंजीने २०१२ साली माणसे गमावून पाहिले. नळी एका घराची फुटते, हंडे साऱ्या गल्लीचे नासतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, खासगी मालमत्तेत करदात्यांचा पैसा का घालावा? पण तो पूर्वीच घातला गेला आहे. मुंबईतील जुन्या चाळींसाठी १९६९ साली कायदा झाला, मालमत्तांवर उपकर बसला आणि सरकारी मंडळाने खासगी इमारतींची दुरुस्ती हाती घेतली. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात शहरी कुटुंबाला शौचालयासाठी केंद्राकडून ४,००० रुपये अनुदान मिळू लागले. शौचालय बांधण्यास पैसा द्यावयाचा आणि तेथून निघणाऱ्या मैल्याच्या वाटेकडे पाठ फिरवावयाची, यात तर्क नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तर १ ऑक्टोबर २०११ रोजी अनेक घरांच्या सामाईक खासगी गटारवाहिन्या, घरमालकांकडून काढून, मलनिस्सारण कंपन्यांच्या जबाबदारीत देण्यात आल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्षानुवर्षे भाडे घेऊन दुरुस्ती टाळणाऱ्या मालकाला अनुदान म्हणजे बेपर्वाईचे बक्षीस होय. हा आक्षेप समाजवाद्यांनी झटकून टाकता कामा नये. मात्र त्याचे उत्तर अनुदान नाकारण्यात नाही. ते कोणाला व कसे द्यावयाचे यात आहे.

म्हणून रोख रक्कम मालकाच्या हाती देऊ नये. महापालिकेने संपूर्ण गल्लीची तपासणी करून काम स्वतः करावे. स्वतःच्या लहानशा घरात राहणाऱ्या कष्टकऱ्याचा खर्च नगराने सोसावा; भाड्याच्या इमारतीचा खर्च मालमत्ता करासोबत मालकाकडून हप्त्याने वसूल करावा आणि तो भाडेकरूच्या डोक्यावर चढू देऊ नये. मालकीच्या उताऱ्याची अट घातली, तर झोपडपट्टीतील कुटुंब पहिल्याच पायरीवर गळेल. अनुदानाचा आधार कागद नसून वस्ती असली पाहिजे.

आणखी एक अट सर्वांत महत्त्वाची. तुंबलेल्या नळीत अखेर कोण उतरतो? जातीने ज्याच्या माथी मैला मारला, तोच. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात माणूस उतरवण्यास बंदी घातली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई वाढली म्हणजे मृत्यू थांबले असे नव्हे. खासगी आवारात तर कोण उतरला याची नोंदही अनेकदा राहत नाही. सार्वजनिक पैशाने होणारे काम यंत्रानेच व्हावे आणि त्यात माणूस उतरवणाऱ्या ठेकेदाराचे देयक रोखले जावे.

साथींनो, मागणीपत्र देण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी गल्ल्या पायी फिराव्यात. कोणत्या घराची नळी उघड्या गटारात सुटते, कोणत्या नळाला पहिली दहा मिनिटे वास येतो, कोणता भाडेकरू तक्रार करण्यास भितो, याच्या याद्या कराव्यात आणि प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याचा आग्रह धरावा. सभागृहात अनुदानाचा ठराव एका दिवसात होऊ शकेल. तो पैसा वाड्याच्या मालकाकडे वळतो की गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो, हे मात्र अशा यादीशिवाय ठरणार नाही.